जमिनीखालचं पाणी वाजवणारा चेलो

मित्रांनो, रिक्षात एखाद्या बाईच्या शेजारी तिच्याइतकीच उंच काळी खोळ टेकून बसलेली दिसली, तर आत माझ्यासारखाच कुणीतरी असेल असं समजा. मी एक जुना चेलो आहे. दिसायला व्हायोलिनसारखा, पण इतका मोठा की मला हनुवटीखाली धरता येत नाही. वाजवणारा खुर्चीवर बसतो, मला समोर उभा करतो आणि गुडघ्यांनी सांभाळतो. माझा आवाज जाड आणि खोल आहे. लोकांना तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा वाटतो, म्हणून त्यांचा माझ्यावर चटकन विश्वास बसतो. हे नेहमी चांगलंच असतं असं नाही.

समुद्रापलीकडच्या एका थंड गावात कुणा कारागिरानं मला घडवलं. त्या गावाचं मला काही आठवत नाही, फक्त लाकूड चिकटवायच्या उकळत्या सरसाचा वास आठवतो. मुंबईत मी आंबोलीच्या पास्कल मास्तरांच्या हाती आलो. मास्तर सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला मला घेऊन जात. तुमच्या आजी-आजोबांनी रेडिओवर ऐकलेल्या किती तरी गाण्यांत मागे कुठेतरी मी असेन. मग बटणं दाबली की शंभर वाद्यांचे आवाज काढणारी यंत्रं आली आणि मास्तरांना बोलावणी येईनाशी झाली. ते घाटकोपरच्या एका शाळेत संगीत शिकवू लागले. तिथेच हेमांगी मला भेटली.

ती चाळीत राहणारी, हडकुळी, दोन वेण्यांची मुलगी होती. सगळी मुलं व्हायोलिनभोवती जमली. ही माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मास्तर, मला हा शिकवा."

मास्तर हसले. "अगो, तू एवढीशी. हा तुला उचलायचा तरी काय?"

"मी रोज खालच्या नळावरून तिसऱ्या मजल्यावर हंडा नेते," ती म्हणाली. "हा काय जड आहे!"

आणि तिनं मला खरंच उचललं. त्या दिवसापासून मी तिचाच झालो. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं. आई पहाटे उठून नळावर रांग लावायची. हेमांगी संध्याकाळी सरावाला बसायची तेव्हा तिच्या बोटांना पितळी हंड्याच्या काठाचे वळ असायचे. शाळा सोडून जाताना मास्तरांनी मला तिच्या स्वाधीन केलं. "नीट सांभाळ गो," एवढंच म्हणाले.

पुढे हेमांगी मोठी वादक झाली. वर्सोव्याच्या बाजूला, अंधेरीत तिनं पहिल्या मजल्यावर घर घेतलं आणि आईला तिथे आणलं. म्हातारीनं स्वयंपाकघरातला नळ सोडून त्याखाली हात धरला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मी खोळीतून डोकावून ते पाहत होतो. मला फार बरं वाटलं.

पण काही वर्षांनी तो नळ रोडावला. आजूबाजूला उंच इमारती झाल्या आणि उन्हाळ्यात पाणी थेंबथेंब यायला लागलं. टँकर मागवावे लागत. आई पुन्हा बादल्या भरून ठेवू लागली, आणि एका सकाळी भरलेली बादली उचलताना तिची पाठ धरली. तेव्हा हेमांगी सोसायटीची सचिव होती. तिनं आमच्याच दिवाणखान्यात सभा बोलावली आणि सांगितलं, "आपण बोअरवेल खणू या. माझ्या आईनं जन्मभर रांग लावली. आता नाही लावायची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाकाकूंनी विचारलं, "अगं, पलीकडे कोळीवाड्यात विहीर आहे ना? आपण इतक्या खालून पाणी ओढलं तर त्यांचं काय?"

"काकू, जमिनीत पाणी काय थोडं असतं का?" हेमांगी हसून म्हणाली.

मग सगळेच हसले. विमलाकाकूही हसल्या आणि चहा प्यायल्या. विषय तिथेच संपला.

बोअरला पाणी लागलं त्या दिवशी पंपाला हार घातला, नारळ फोडला. अध्यक्ष चंद्रप्रकाशजी म्हणाले, "हेमांगीजी, कुछ हो जाए!" ती मला खाली घेऊन आली आणि आवारात बसून एक आनंदाची धून वाजवली. नळीतून पाणी उसळलं, मुलं भिजली, आईनं पदर डोळ्याला लावला. टाळ्या झाल्या. मित्रांनो, त्या टाळ्यांतल्या काही माझ्यासाठीही होत्या. मी त्या आनंदानं घेतल्या.

पंपाची खोली आमच्या घराच्या बरोबर खाली होती. पंप सुरू झाला की जमीन बारीक थरथरे आणि माझी सगळ्यात जाड तार आपोआप गुणगुणू लागे. कुणी हात न लावता मी त्या पंपाला साथ देत असे. हेमांगी म्हणायची, "बघ आई, हा पण खूश आहे."

त्यानंतर आमची चौकडी जमली. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, त्यांची थोरली बहीण व्हायोला आणि एक चेलो. जयवंत आणि सुयोग व्हायोलिन वाजवत, श्वेता व्हायोला वाजवायची आणि मी होतो हेमांगीकडे. जयवंत स्वभावानं फटकळ, पण डोक्यानं भन्नाट. एकदा सरावाच्या वेळी तो म्हणाला, "किती दिवस एसी हॉलमध्ये त्याच त्याच लोकांसाठी वाजवायचं? शाळांमध्ये जाऊ या. पाण्यावर काहीतरी करू."

त्यानं पाण्याच्या प्रवासाची रचना केली. त्याचं व्हायोलिन ढग झालं. सुयोगचं नळ आणि ओढे, श्वेताची व्हायोला विहीर.

"आणि मी?" हेमांगीनं विचारलं.

"तू जमिनीखालचं पाणी," जयवंत म्हणाला. "ते कुणाला दिसत नाही, पण सगळं त्याच्यावर उभं असतं. सावकाश वाजव. घाई केलीस तर वाट लागेल."

मुलुंड, नाहूर, बोरिवली, देवनार, आम्ही कितीतरी शाळांमध्ये गेलो. मुलं जमिनीवर मांडी घालून बसत. आधी आम्ही रचना वाजवत असू. मग जयवंत विचारायचा, "तुमच्या घरी पाणी कुठून येतं?" मुलं सांगतील ते आम्ही तिथल्या तिथे वाजवून दाखवायचो. हीच खरी गंमत होती. मुलुंडचा एक मुलगा म्हणाला, आमचा नळ पाणी यायच्या आधी खोकतो. सुयोगनं व्हायोलिनवर असा खोकला काढला की अख्खा वर्ग लोळला. देवनारच्या शाळेतली मुलगी म्हणाली, टँकर आला की आम्ही सगळे धावतो. मग चौघांनी ती धावाधाव वाजवली, पाइपावरून झालेल्या भांडणासकट.

मुलं माझ्याजवळ येऊन माझ्या पोटाला कान लावत. "यात पाणी आहे का हो?" असं एका चिमुरडीनं विचारलं होतं. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. मला वाटायचं, म्हातारपणी का होईना, मी काहीतरी चांगलं करतोय.

मग आम्ही वर्सोव्याच्या खाडीकडच्या शाळेत गेलो. आमच्या घरापासून अगदी जवळ. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांवरून वारा थेट वर्गात येत होता. रचना झाली, टाळ्या झाल्या, जयवंतनं नेहमीचा प्रश्न विचारला. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिचं नाव श्रुतिका.

"आमच्याकडे विहीर आहे. पण आता ती बिघडली."

"बिघडली म्हणजे काय गं?" जयवंतनं विचारलं.

"खारट झाली ना. आधी गोड होती. नळाला पाणी नाही आलं तरी आम्हाला टेन्शन नसायचं, विहीर होती. आता तिच्यात डाळ पण शिजत नाही. आई म्हणते, बिल्डिंगवाल्यांनी बोअर मारली, खालचं गोडं पाणी ओढून घेतलं, मग समुद्र आत शिरला."

"कुठल्या बिल्डिंगवाल्यांनी?"

श्रुतिकानं खिडकीकडे हात केला. सगळ्या मुलांनी माना वळवल्या. "ती बघा. वर निळ्या टाक्या आहेत ती."

ती आमची इमारत होती.

हेमांगीचे गुडघे माझ्या कडांवर घट्ट दाबले गेले. श्रुतिका उत्साहात पुढे म्हणाली, "ते वाजवा ना. आधी गोड, आणि मग खारट!"

श्वेतानं गोड विहीर वाजवली, फार सुंदर. पुढचं माझ्याकडे होतं. जमिनीखालचं पाणी मीच होतो ना. हेमांगीनं गज तारेवर ठेवला. तो वाकडा घसरला आणि माझ्यातून एक घोगरा, फाटका आवाज निघाला. तो तिनं वाजवला नव्हता, तिच्या हातून निसटला होता. मुलांना मात्र तो झकास वाटला. "खारट! खारट!" ती ओरडली.

श्रुतिका अजून उभीच होती. "मॅडम, तुमच्याकडे कुठून येतं पाणी?"

हेमांगीनं नजर माझ्या तारांकडे वळवली. "नळातून," ती म्हणाली.

मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी प्रत्येकाला गुलाबाचं फूल दिलं. हेमांगीनं तिचं फूल माझ्या खोळीच्या खिशात कोंबलं आणि रिक्षा बोलावली.

त्यानंतर तिनं मला वाजवायला घेतलं नाही. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून होतो. खाली पंप सुरू झाला की माझी जाड तार पूर्वीसारखीच गुणगुणे. मला ती थांबवता येत नव्हती. मला कान झाकायला हात नाहीत, मित्रांनो. एकदा हेमांगी चालत आली आणि तिनं त्या तारेवर तळवा दाबून धरला. पंप बंद होईपर्यंत ती तशीच उभी होती.

जयवंत घरी आला. "फोन का उचलत नाहीस? मुलुंडचा कार्यक्रम तोंडावर आलाय."

तिनं त्याला सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला.

"हे बघ," तो म्हणाला, "अर्धी मुंबई बोअर मारते. एका बोअरनं विहीर खारट होत नाही. दहा कारणं असतील."

"असतील," हेमांगी म्हणाली. "त्यातलं एक मी आहे. आणि मी त्या पोरीच्या तोंडावर खोटं बोलले, जया. पाणी वाचवा म्हणून सांगायला गेले आणि खोटं बोलले."

"मग काय करणार आहेस?"

"आधी ते खोटं परत घेते."

ती एकटीच मला घेऊन शाळेत गेली. वर्गशिक्षिकेनं थोडा वेळ दिला. हेमांगी मुलांसमोर उभी राहिली. मला तिनं खोळीतून काढलंही नव्हतं. "त्या दिवशी श्रुतिकानं मला विचारलं होतं, तुमच्याकडे पाणी कुठून येतं. मी म्हणाले, नळातून. ते अर्धंच होतं. मी त्या निळ्या टाक्यांच्या इमारतीत राहते. ती बोअर मीच मारायला लावली."

मुलांनी पुन्हा खिडकीकडे माना वळवल्या. श्रुतिका म्हणाली, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

श्रुतिकानं थोडा विचार केला. "मग आईला पण सांगा," ती म्हणाली.

शाळा सुटल्यावर ती आम्हाला कोळीवाड्यात घेऊन गेली. तिची आई सुगंधा मासळीबाजारातून नुकतीच परतली होती आणि ओट्यावर टोपल्या धूत होती. हेमांगी बोलत होती तोवर तिनं हातातलं काम थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर तिनं विहिरीत कळशी सोडली, वर काढली आणि हेमांगीच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"प्या."

हेमांगीनं घोट घेतला. तिचा चेहरा आक्रसला, पण तिनं तो गिळला.

"माझे लग्नात हळदीची आंघोळ या पाण्यानं झायली," सुगंधा म्हणाली. "आता हिच्या लग्नाला टँकर बोलवू काय? मॅडम, तुम्ही सांगायला आलात, चांगला केलात. बसा, चहा देते. पन सांगून हिरीत गोडा पानी येत नाय."

चहा टँकरच्या पाण्याचा होता. हेमांगी तो संपवून उठली. परतताना तिनं मला पाठीवर घेतलं होतं आणि मी पहिल्यांदाच तिला जड झालोय असं मला वाटलं.

रविवारी सकाळी पुन्हा आमच्याच दिवाणखान्यात सभा झाली. मी त्याच कोपऱ्यात होतो. हेमांगी म्हणाली, बोअर बंद करू या. लगेच गलका झाला.

"म्हणजे पुन्हा टँकर?"

"पाणी जमिनीतलं आहे, त्यांच्या विहिरीतलं नाही."

"तुमचा तो शाळेचा कार्यक्रम वेगळा आणि घरातला नळ वेगळा, मॅडम."

चंद्रप्रकाशजींनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. "हेमांगीजी, आप ही ने तो शुरू किया था. आता तुम्हीच बंद करा म्हणता?"

"हो. मीच," ती म्हणाली. "विमलाकाकूंनी तेव्हाच विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं."

विमलाकाकू खाली बघत म्हणाल्या, "मीसुद्धा हसलेच की. एकदा विचारलं आणि सोडून दिलं."

तेवढ्यात आतल्या खोलीतून आई आली. पाठीमुळे ती भिंतीला धरून चालायची. सगळे उठून उभे राहिले.

"बसा रे," ती म्हणाली. "माझं ऐका. या नळाला पाणी आलं तेव्हा मला वाटलं, आपली रांग संपली एकदाची. रांग कसली संपतेय! ती उचलून त्या कोळणीच्या दारात नेऊन ठेवली आपण. मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी बादली उचलली असती."

हेमांगीनं तोंड फिरवलं. मग तळमजल्यावरचा मिहिर चाचरत म्हणाला, "तसंही बोअरचं पाणी आता आपल्याकडे पण खारट लागतंय. माझा गीझर आतून पांढरा झालाय." यावर मात्र पुष्कळ जण एकदम बोलू लागले. कुणाची वॉशिंग मशीन गेली होती, कुणाच्या नळाला गंज आला होता.

बोअर पूर्ण बंद झाली नाही. गाड्या धुणं आणि बागेला पाणी घालणं बंद झालं. पंप फक्त नळ कोरडा पडला तरच लावायचा, असं ठरलं. गच्चीवरचं पावसाचं पाणी सरळ गटारात जात होतं, ते मोठा खड्डा करून जमिनीत सोडायचं ठरलं. लोक तयार झाले ते विहिरीपेक्षा गीझरच्या काळजीनं, हे मला कळत होतं. हेमांगीलाही कळत होतं. पण तिनं होकार घेतला, सचिवपद सोडलं आणि खड्डा खणायला माणसं आली तेव्हा उन्हात त्यांच्यापाशी उभी राहिली.

तो पावसाळा चांगला झाला. गच्चीवरचं पाणी धो धो जमिनीत उतरत होतं. सगळं पावसाचं पाणी मुरल्यावर हेमांगी आईला आणि मला घेऊन सुगंधाकडे गेली. आईला विहीर बघायची होती. सुगंधानं तिला पाट दिला.

"आता कसं आहे गं पाणी?" आईनं विचारलं.

"खाराच हाय, आजी."

"डाळ शिजते?"

सुगंधा थोडी हसली. "अर्धी."

परत निघताना तिनं आईच्या हातात सुक्या बोंबिलांची पुडी दिली. माफी मात्र तिनं दिली नाही आणि हेमांगीनं मागितलीही नाही.

आम्ही अजून शाळांमध्ये जातो. रचना तीच आहे, पण जमिनीखालच्या पाण्याच्या भागात आता एक घरघर आहे, पंपाची. ती मीच काढतो. ती वाजवून झाली की हेमांगी मुलांना निळ्या टाक्यांच्या इमारतीची गोष्ट सांगते. काही शाळांना ते आवडत नाही. मुलांसमोर असलं कशाला, असं म्हणून त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. जयवंत म्हणतो, "जाऊ दे, दुसऱ्या शाळा आहेत." एकदा विहीर वाजवताना श्वेताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला मध्येच थांबावं लागलं. तेव्हा मुलंही तिची वाट बघत राहिली.

माझी तार उतरली तर खुंटी पिळून ती पुन्हा सुरात आणता येते. विहिरीला खुंट्या नसतात. तिला पुन्हा गोड व्हायला किती पावसाळे लागतील, ते कुणी सांगू शकत नाही. कदाचित ती होणारही नाही. मी त्या पंपाच्या पूजेत वाजलो होतो, हेही आता पुसता येणार नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. नळ नीट बंद करा, हे तर तुम्हाला सगळे सांगतात. मी वेगळं सांगतो. आज घरी गेलात की आई-बाबांना विचारा, आपल्याकडे पाणी कुठून येतं? आणि आपल्या आधी ते कुणाचं होतं? ते हसले, तर विमलाकाकूंसारखं चहा पिऊन विषय सोडू नका. आणि कुणी एकदम गप्प झालं, तर त्यांना टोचून बोलू नका. त्यांच्या शेजारी बसा, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारा.